खांबामागची जागा

शनिवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी निळा संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना एकवीस विरुद्ध नऊ असा हरला.

हरण्याचं कुणाला नवल वाटलं नाही. समोरच्या पांढऱ्या संघाला स्पर्धेत दुसरं मानांकन होतं. निळ्यांना मानांकनच नव्हतं. नवल वाटलं ते पांढऱ्यांच्या प्रशिक्षक बाईंना, आणि तेही दुसऱ्याच गोष्टीचं. सामन्यानंतर हात मिळवताना त्या निळ्यांच्या प्रशिक्षकांपाशी थांबल्या आणि दोघांनाही धड न येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत म्हणाल्या, "एक विचारू? राग मानू नका. तुमच्याकडे खांबाच्या मागे भिंत असते का?"

"भिंत नाही," प्रशिक्षक म्हणाले. "लाद्या असतात."

बाईंना वाटलं भाषेचा घोटाळा झाला. त्या हसल्या आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करायला गेल्या. घोटाळा झालेला नव्हता.

कॉर्फबॉलच्या संघात आठ जण असतात, चार बायका आणि चार पुरुष. मैदानाच्या एका अर्ध्यात चौघं हल्ला करतात, दुसऱ्या अर्ध्यात उरलेले चौघं आपली टोपली राखतात. दोन्ही संघांचे मिळून दोन गोल झाले की सगळ्यांनी अर्धं बदलायचं, त्यामुळे 'मी फक्त गोल करणार' असं कुणाला म्हणता येत नाही. बाईला बाई अडवते, पुरुषाला पुरुष. चेंडू घेऊन पळायचं नाही, तो पास करायचा. अडवणारा टोपलीच्या बाजूला, हाताच्या अंतरावर हात वर करून उभा असेल तर टोपलीकडे चेंडू फेकायचा नाही. टोपली साडेतीन मीटर उंच खांबावर असते आणि तिला मागे फळी नसते. खांबही मैदानाच्या कडेला नसतो, चांगला आत असतो. म्हणून चारी बाजूंनी खेळता येतं, आणि जगात सगळीकडे तसंच खेळतात.

निळे तीन बाजूंनी खेळत होते. अख्ख्या सामन्यात त्यांच्यातलं कुणीही, एकदाही, खांबाच्या मागे गेलं नाही. टोपली चुकवून पलीकडे पडलेला प्रत्येक चेंडू पांढऱ्यांनी झाडाखालचा आंबा उचलावा तसा उचलला.

निळ्यांच्या देशात हा खेळ एकाच ठिकाणी सुरू झाला, आणि ते ठिकाण म्हणजे फरशीच्या लाद्यांचं गोदाम. प्रशिक्षक तिथे फोरमन आहेत. संघातले सगळेच, अगदी त्यांची सख्खी मुलगीसुद्धा, मैदानावर त्यांना फोरमनच म्हणतात. तरुणपणी एका शिबिरात त्यांनी हा खेळ पाहिला, बायका-पुरुष एकत्र खेळतात हे त्यांना फार आवडलं, आणि माल चढवायच्या जागेत सुट्टीच्या दिवशी त्यांनी एक खांब उभा केला. जागा आखूड होती. एका टोकाला ट्रकचं दार, दुसऱ्या टोकाला लाद्यांच्या खोक्यांच्या थप्प्या. खांब थप्प्यांना जवळजवळ टेकूनच राहिला. मध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट.

मुलगी चौदा वर्षांची असताना त्या फटीत घुसली. धावत यायचं, धावतानाच पास घ्यायचा, खालून चेंडू टोपलीत सोडायचा आणि तसंच पुढे निघून जायचं, असा या खेळातला एक देखणा फटका आहे. तिने तो बिनचूक मारला. चेंडू टोपलीत गेला आणि ती थप्पीत गेली. थप्पी ठरल्यापेक्षा एका खोक्याने उंच होती. खेळायला जागा व्हावी म्हणून फोरमननीच ती तशी रचली होती. वरचं खोकं खाली आलं. तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं आणि डाव्या पावलाचाही चुरा झाला.

हाडं यथावकाश जुळली. आईने घरात सांगून टाकलं, एक तर खेळ बंद, नाहीतर ती जागा बंद. फोरमननी जागा बंद केली. पिवळ्या रंगाचा डबा आणून खांबाच्या बुंध्यापाशी आडवी रेघ मारली, फोर्कलिफ्टच्या वाटेला मारतात तशी. रेघेपलीकडे कुणी जायचं नाही. तशी कुणाला गरजही पडत नव्हती, कारण चुकलेला चेंडू खोक्यांवर आपटून आपोआप हातात परत यायचा.

पुढे आसपासच्या गावांत संघ झाले. त्यांना शिकवायला गोदामातलेच लोक गेले, आणि जाताना रेघ घेऊन गेले. दोन गावांनी तर चांगल्या मोकळ्या मैदानात खांब उभा करून त्याच्या मागे चुन्याने रेघ ओढली. कुणी विचारलं तर सांगायचे, नियम आहे. अशा रीतीने एका मुलीच्या अपघाताने साऱ्या देशाच्या कॉर्फबॉलचा मागचा भाग कापला गेला. देशाबाहेर कुणी खेळायला गेलंच नव्हतं, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता आलं.

शनिवारी संध्याकाळचा सामनाही निळे हरले, पण कमी फरकाने. रविवारी त्यांच्याहून नवख्या संघाला त्यांनी हरवलं. स्पर्धेत आठ संघ होते, चार-चारांच्या दोन गटांत. निळे आपल्या गटात तिसरे आले. याचा अर्थ मंगळवारी दुसऱ्या गटातल्या तिसऱ्याशी, म्हणजे हिरव्या संघाशी, पाचव्या जागेसाठी सामना. पाचव्या जागेसाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. पण पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत यातले पाचच संघ जाणार होते. पाचवा आला तर जगात, सहावा आला तर घरी.

रविवारी जेवणाच्या हॉलमध्ये फोरमन उभे राहिले. उतरायची सोय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात होती. टेबलं ठेंगणी होती आणि त्यांना वाकून बोलावं लागत होतं.

"उद्या खांबामागे जायला शिकायचं," ते म्हणाले.

संघाचा कप्तान शहरातल्या बसचा ड्रायव्हर आहे आणि त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात. तो म्हणाला, "बारा वर्षं जाऊ नका म्हणालात, आता एका दिवसात जा म्हणता?"

"म्हणतो."

"फोरमन, बससुद्धा मागे घ्यायची तर आधी जागा द्यावी लागते."

"जागा आहे. तीच तर पंचाईत आहे. जेव ना."

सोमवारी सरावाला हॉल मिळाला नाही. तो पहिल्या चार संघांना दिला होता. निळ्यांच्या वाट्याला वसतिगृहामागचं अंगण आलं. एका बाजूला सायकली लावायची पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, मध्ये सिमेंटची मोकळी जागा. खांब नव्हता. तेव्हा आत्या खांब झाल्या.

आत्या म्हणजे फोरमनची थोरली बहीण. संघाच्या व्यवस्थापक म्हणून त्यांचं नाव लागतं; प्रत्यक्षात त्या गुडघ्यांना पट्ट्या बांधतात, केळी मोजून देतात आणि कोण कुणावर रुसलंय याची खबर ठेवतात. धुण्याची प्लॅस्टिकची टोपली डोक्यावर धरून त्या बाकावर चढल्या.

"आत्या, हलू नका हं," ड्रायव्हर म्हणाला. "खांब हलत नाही."

"खांबाला गुडघेदुखी असती तर हलला असता. टाक चेंडू."

"आणि खांब बोलत नाही."

"हा बोलतो."

सरावाची रीत सोपी होती. एकाने टोपलीखालून पास द्यायचा, दुसऱ्याने धावत यायचं, चेंडू सोडायचा आणि आत्यांच्या मागून निघून जायचं. मग तिसऱ्याने मागे राहून चुकलेला चेंडू उचलायचा. सुरुवातीला सगळेच अडखळले. ड्रायव्हर तिथे नसलेल्या रेघेपाशी असा थांबला की मागचा त्याच्यावर आदळला. पण तासाभरात सवय झाली. माणसं मागे जाऊ लागली, मागून हात वर करू लागली, मागून चेंडू मागू लागली. शाळेत शिकवणारी एक खेळाडू तर मागून सलग दोन गोल करून आत्यांच्या कमरेला मिठी मारून आली.

फोरमनची मुलगी मात्र थांबत होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते, म्हणून संघात तिचं नाव चष्मेवाली, जरी तिचे स्वतःचे डोळे गरुडाचे आहेत. लांबून टोपली साधण्यात देशात तिचा हात धरणारं कुणी नाही. तीन सामन्यांत निळ्यांचे सगळ्यात जास्त गोल तिचेच होते. ती धावत यायची, पास झकास घ्यायची, आणि आत्यांच्या दोन पावलं अलीकडे तिचा डावा पाय जमिनीला चिकटायचा.

"अगं, मागे फक्त माझी चड्डी वाळतेय," ड्रायव्हर म्हणाला. "पडलीस तरी मऊ पडशील."

"दिसतेय मला."

"दिसतेय तर जा की."

"पाय जात नाहीत, काय करू? तुझ्या बसला सांगते का मी कुठे थांबायचं ते?"

"सगळे तेच सांगतात."

ती हसली, पुन्हा धावली आणि पुन्हा थांबली. चौथ्यांदा तसंच झाल्यावर फोरमननी खेळ थांबवला आणि तिला सायकलींच्या शेडपाशी बोलावलं.

"उद्या तू बाहेर बस," ते म्हणाले. "तुझ्या जागी मास्तरीणबाई खेळतील."

"का?"

"हिरव्यांनी आपले सामने पाहिलेत. ते तुला लांबून मारू देणार नाहीत. अंगाला चिकटून उभे राहतील. चिकटल्यावर एकच उपाय, त्यांना चुकवून आत घुसायचं आणि पलीकडे निघायचं. तेच तुला जमत नाहीये."

"आज जमत नाहीये."

"सामना उद्या आहे."

चष्मेवालीने हाताला बांधलेली पट्टी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. मैदानावर ती त्यांना कधीच बाबा म्हणत नाही. हे अंगण होतं.

"बाबा, एक सांग. मी बाहेर बसले तर निळे जिंकतील म्हणून बसवतोयस, की मी बाहेर बसले तर तुला सामना निवांत बघता येईल म्हणून?"

सायकलीची एक घंटी सैल होती, तिचा स्क्रू फोरमन बोटाने पिळत राहिले.

"अरे, झालं का तुमचं?" बाकावरून आत्या ओरडल्या. "माझे हात गळून पडले. चल गं, एकदा शेवटचं करून टाक. आणि तू तिथेच थांब रे, इकडे येऊ नकोस. दर वेळी तिच्या वाटेत उभा राहतोस."

फोरमन शेडपाशीच थांबले. चष्मेवाली अंगणाच्या टोकाला गेली, पट्टीचं टोक दातांनी ओढून घट्ट केलं आणि धावत सुटली. या वेळी वेग चांगला होता. ड्रायव्हरचा पास छातीच्या उंचीवर आला, तिने तो न थांबता घेतला, चेंडू वर गेला.

"सांभाळ!"

डावा पाय जमिनीला चिकटला. चेंडू टोपलीच्या कडेला लागून दोऱ्यांवरच्या कपड्यांत गेला.

आत्यांनी टोपली खाली घेतली. बाकावर उभ्या उभ्याच त्यांनी शेडकडे पाहिलं.

"ऐकलंस?"

"काय?" फोरमन म्हणाले.

"तू काय म्हणालास ते."

"मी? मी कुठे काय म्हणालो?"

"सांभाळ म्हणालात, फोरमन," ड्रायव्हर म्हणाला.

"कधी?"

"आत्ता. आणि मघाशी चारही वेळा." ड्रायव्हरने चेंडू काढायला म्हणून दोऱ्यांकडे तोंड केलं आणि पाठमोराच पुढे म्हणाला, "आणि तसे बारा वर्षं."

फोरमननी एकेकाकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. मास्तरीणबाईंनी मान हलवली, म्हणजे हो. गोदामात हा शब्द साधा नाही. वर माल लटकत असला, फोर्कलिफ्ट मागे येत असली की हीच आरोळी देतात, आणि ती ऐकली की माणसाने आहे तिथे खिळून उभं राहायचं असतं. संघातले निम्मे लोक तिथे काम करतात. त्यांना ते शिकवावं लागत नाही. आणि चष्मेवाली तर त्या गोदामातच लहानाची मोठी झाली होती.

"बाकीच्यांच्या वेळी मी म्हणत नाही?" त्यांनी विचारलं.

"बाकीच्यांच्या वेळी तू केळी खात होतास," आत्या म्हणाल्या.

फोरमन मुलीकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू मुद्दाम म्हणतोस."

मग आत्या बाकावरून उतरायला लागल्या आणि त्यांना हात द्यायला तिघं धावले.

दुपारी फोरमनना केळी आणायला पाठवण्यात आलं. केळी भरपूर होती. ते मुकाट्याने गेले आणि लांबच्या रस्त्याने परत आले. दरम्यान अंगणात चष्मेवाली काही वेळा आत्यांच्या मागे गेली आणि काही वेळा थांबली. थांबली तेव्हा कुणी ओरडलं नव्हतं. पायांनाच अजून खरं वाटत नव्हतं. मागे गेली तेव्हा तिचा चेंडू एकदाही टोपलीत पडला नाही. त्या बाजूने टोपली कशी दिसते हेच तिला आठवत नव्हतं.

संध्याकाळी फोरमननी आठ नावं सांगितली. चष्मेवाली त्यांत होती, आणि मास्तरीणबाईही.

"आणि उद्या मी बाकावर बसत नाही," ते म्हणाले. "बाकावर आत्या बसतील."

"मी?" आत्या म्हणाल्या. "मला या खेळातलं काय कळतं?"

"सकाळपासून खांब आहेस. आणखी किती जवळून बघायचंय?"

"आणि तू?"

"मी वर लोकांत बसतो. लांब."

लांब बसायचं त्यांनी ठरवलं होतं खरं; पण मंगळवारी हॉलमध्ये बाजूच्या रांगा शाळेच्या मुलांनी भरल्या होत्या. रिकाम्या खुर्च्या उरल्या होत्या त्या एका टोकाला, खांबाच्या बरोबर मागे. पहिल्या अर्ध्या वेळात तो खांब हिरव्यांच्या हल्ल्याचा होता, त्यामुळे मुलगी हल्ला करताना फोरमनना दिसली ती दुसऱ्या टोकाला, बोटाएवढी. गळ्यात टॉवेल होता. सामना सुरू झाला तसं त्यांनी त्याचं टोक तोंडात धरलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि एक खुर्ची सोडून बसले.

हिरव्यांनी खरंच निळ्यांचे सामने पाहिले होते. त्यांची सात नंबरची उंच मुलगी चष्मेवालीला सावलीसारखी चिकटली. लांबून एकही फेक नीट होऊ दिली नाही. सहा मिनिटांनी चष्मेवाली तिला हूल देऊन आत घुसली आणि खांबाला वळसा घालून मागे गेली. सात नंबर तिच्यामागे गेलीच नाही. जायची गरज नाही असंच तिला सांगितलं असावं. चष्मेवाली मागे एकटी, मोकळी, दोन्ही हात वर करून उभी राहिली, आणि पास आला नाही. निळ्यांच्या कुणाच्याच डोळ्यांना तिथे माणूस शोधायची सवय नव्हती. पंचवीस सेकंदांत चेंडू टोपलीकडे टाकावा लागतो. ते संपले, शिटी वाजली, चेंडू हिरव्यांना गेला.

मध्यांतराला निळे सहा-नऊने मागे होते.

"मी तिथे उभी होते ना!" चष्मेवाली म्हणाली. "हात वर करून! बसथांब्यावर उभी राहते तशी!"

"दिसली नाहीस," ड्रायव्हर म्हणाला.

"पुढच्या वेळी तिकीट काढून उभी राहते."

"अगं, आवाज दे ना. आवाज दिलास तर फेकतो."

"काय आवाज देऊ?"

"काहीही दे," आत्या म्हणाल्या. "'सांभाळ' सोडून."

सगळे हसले, आणि हिरव्यांचा बाक त्यांच्याकडे बघायला लागला. मागे पडलेला संघ का हसतोय हे त्यांना कळेना.

दुसऱ्या अर्ध्या वेळात बाजू बदलल्या. आता निळ्यांचा हल्ला फोरमनच्या पुढ्यातल्या खांबावर होता. पहिल्याच धडाक्यात मास्तरीणबाईंची लांबची फेक टोपली चुकवून पलीकडे गेली. शनिवारी असा चेंडू गेला की निळे खांबाअलीकडे उभे राहून त्याची वाट बघायचे. आता मागे चष्मेवाली होती. तिने तो उचलला, "घे!" ओरडली आणि ड्रायव्हरकडे टाकला. गोल. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. सात नंबरने आपल्या बाकाकडे पाहून खांदे उडवले. तिकडून प्रशिक्षक काहीतरी ओरडले. ते तिला ऐकू आलं नसावं.

मग चष्मेवाली स्वतः धावत आली. पास छातीशी आला, चेंडू वर गेला, कडेला लागून बाहेर पडला. पण ती थांबली नव्हती. खांब मागे टाकून, शेवटची रेघ ओलांडून, कडेच्या जाहिरातीच्या फळीवर दोन्ही तळहात आपटून ती उभी राहिली. फळीपलीकडे पहिल्याच रांगेत तिचे वडील होते. डोळे विस्फारलेले, तोंडात टॉवेल.

"बाबा, काढ तो," ती धापा टाकत म्हणाली. "गुदमरशील."

फोरमननी मानेनेच नाही म्हटलं. ती परत धावली.

वर्तमानपत्रवाले गृहस्थ हाताच्या खुणेने विचारू लागले, तुमची मुलगी का? फोरमननी त्यालाही मानेनेच उत्तर दिलं, पण उभी मान हलवून.

हिरवे काही लेचेपेचे नव्हते. त्यांनी बारा-दहा केलं, मग चौदा-बारा. निळ्यांनी दोन्ही वेळा गाठलं. चष्मेवालीने खांबामागून आणखी दोनदा चेंडू टाकला. एक आखूड पडला, एक टोपलीत फिरून बाहेर आला. चौदाव्या वर्षानंतर त्या बाजूने तिचा एकही गोल झालेला नव्हता, आणि त्या दिवशीही तो झाला नाही. पण आता तिला तिथे सोडून देणं हिरव्यांना परवडत नव्हतं, आणि सात नंबर तिच्यामागे गेली की खांबापुढे जागा मोकळी व्हायची. चौदावा गोल मास्तरीणबाईंनी त्याच मोकळ्या जागेतून केला; मग अर्धं बदललं आणि पंधरावा निळ्यांच्या दुसऱ्या चौघांनी केला.

पंधरा-चौदा. मिनिटभर उरलं होतं. हिरव्यांना पेनल्टी मिळाली आणि त्यांच्या कप्तानाने ती शांतपणे टोपलीत टाकली. पंधरा-पंधरा. एकूण गोल तीस झाले, म्हणून सगळ्यांनी अर्धं बदललं, आणि चष्मेवाली, ड्रायव्हर आणि त्यांच्याबरोबरचे दोघं टोपली राखण्याच्या कामातून सुटून पुन्हा हल्ल्याच्या बाजूला आले. वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

आता गोल्डन गोल. जो संघ पुढचा गोल करील तो जिंकला. दुसऱ्याने बॅगा भरायच्या.

पहिली तीन मिनिटं कुणालाच काही जमलं नाही. हिरव्यांची एक फेक कडेवर नाचून बाहेर पडली तेव्हा शाळेच्या मुलांनी एकाच वेळी श्वास ओढला. नंतर चेंडू रेघेबाहेर गेला, निळ्यांना मिळाला, आणि हिरव्यांनी टाइम-आऊट घेतला.

निळे आत्यांभोवती गोळा झाले.

"मला काही विचारू नका," आत्या म्हणाल्या. "माझी छाती धडधडतेय. पाणी प्या. आणि ज्याला जिथे जायचंय तिथे जा, आता तुम्हाला अडवणारं कुणी नाही."

"ती सात नंबर आहे," चष्मेवाली म्हणाली.

"ती तुझं बघेल, तू तिचं बघ. जा."

पलीकडे हिरव्यांचे प्रशिक्षक गुडघ्यावर बसून सात नंबरला काहीतरी समजावत होते. हाताने त्यांनी एक गोल काढला, पूर्ण गोल, आणि त्याच्या मागच्या बाजूवर बोट टेकवलं.

शिटी वाजली. खेळाडू आपापल्या जागी गेले. चष्मेवाली खांबाला वळसा घालून मागे जाऊन उभी राहिली आणि सात नंबर तिच्याबरोबर गेली. खांबाच्या मागच्या बाजूला, तो आणि चष्मेवाली यांच्या मध्ये, हात वर करून ती उभी राहिली. या स्पर्धेत निळ्यांविरुद्ध टाइम-आऊट घेऊन कुणी कुणाला तिथे उभं केलं नव्हतं.

ड्रायव्हरने चेंडू दिला आणि परत घेतला. त्याने एकदा खांबापुढच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, एकदा खांबापलीकडे. "इकडे!" असा आवाज आला. स्कोअर पंधरा-पंधरा होता, चेंडू त्याच्या हातात होता आणि पंचवीस सेकंदांतले अकरा बाकी होते.